गणिताचे पुस्तक निवडताना : झाशीच्या मराठी घरांतील एक प्रश्न

उत्तर प्रदेशात शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. त्या पंधरा-वीस दिवसांत झाशीच्या सदर बाजारात आणि सीपरी बाजारात पुस्तकांच्या दुकानांपुढे पालकांची दाटी होते. हातात शाळेने दिलेली यादी असते. यादीतील पुस्तके बांधून झाली की दुकानदार आपण होऊन विचारतो, गणिताची अभ्यासपुस्तिका कोणती देऊ, कुंजी हवी का. येथे पालक थबकतो. भाषेच्या किंवा इतिहासाच्या पुस्तकाबद्दल तो काही ना काही मत देऊ शकतो, गणिताबद्दल मात्र त्याचा आत्मविश्वास डळमळतो. मग जे जाड, जे रंगीत, जे शेजारच्या मुलाने घेतले, ते घेतले जाते. सप्टेंबरच्या सुमारास त्यातील पहिली वीस पाने भरलेली आणि उरलेली कोरी आढळतात.

हे दृश्य कोणत्याही गावचे असू शकेल. परंतु झाशीच्या मराठी घरात त्याला आणखी एक पदर आहे. नारो शंकर १७४२ मध्ये झाशीचा सुभेदार झाला, पुढे नेवाळकरांचा अंमल आला आणि त्यांच्याबरोबर आलेली मराठी कुटुंबे राज्य गेल्यावरही येथेच राहिली. त्यानंतर रेल्वेच्या निमित्ताने आणखी कुटुंबे आली. या घरांतील मुलांची शाळा हिंदीत किंवा इंग्रजीत भरते. घरात आजी मराठी बोलते. आई पुष्कळदा नागपूर, जबलपूर किंवा ग्वाल्हेरहून आलेली असते, आणि नागपूरची असेल तर तिचे स्वतःचे गणित मराठीत झालेले असते. मूल शाळेत ‘दो दूनी चार’ म्हणते आणि संध्याकाळी आजीपाशी बसले की ‘बे दुणे चार’ म्हणते. तोपर्यंत सारे गोड असते. अडचण तिसरी-चौथीपासून सुरू होते. मूल पुस्तक घेऊन आईकडे येते, आईला उदाहरण येत असते, पण पुस्तकातील शब्द तिला परके वाटतात. दोन-चारदा असे झाले की मूल विचारणे सोडते. गणिताची भीती बसण्याची जी कारणे सांगितली जातात, त्यांत या अबोल्याची गणना सहसा होत नाही.

हे परकेपण कसले असते, ते थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. मराठीत ज्याला हातचा म्हणतात त्याला हिंदीत हासिल म्हणतात. अपूर्णांक म्हणजे भिन्न, दशांश म्हणजे दशमलव, गुणोत्तर म्हणजे अनुपात, परिमिती म्हणजे परिमाप, काटकोन म्हणजे समकोण, मूळ संख्या म्हणजे अभाज्य संख्या. एकमान पद्धत तिथे ऐकिक नियम होते. लसावि या सुटसुटीत नावाने आईला पाठ असलेली गोष्ट हिंदी पुस्तकात लघुत्तम समापवर्त्य या भारदस्त नावाने येते आणि ती ओळखूच येत नाही. हे शब्द निदान अनोळखी आहेत, त्यामुळे ते विचारले तरी जातात. अधिक फसवे शब्द ते, जे दोन्हीकडे आहेत पण वेगळ्या अर्थाने. हिंदी पुस्तकात ‘वर्ग’ या शब्दाने संख्येचा वर्गही दाखवतात आणि चौरस आकृतीही. वर्गाची भुजा सहा सेंटीमीटर आहे असे वाचल्यावर मराठीत शिकलेल्या आईच्या मनात आधी संख्या येते, चौरस येत नाही.

गंमत अशी की हे शब्द एकमेकांचे परके नाहीतच. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीतील ‘लीलावती’ या पाटीगणितात अपूर्णांकाच्या खालच्या संख्येला हर आणि छेद अशी दोन्ही नावे आढळतात. हिंदीने एक उचलले, मराठीने दुसरे. चौरसाला वर्ग म्हणणे हेही जुन्या संस्कृत गणिताला धरूनच आहे, आणि मराठीतला चौरस चतुरस्र या संस्कृत शब्दातूनच आला आहे. तेव्हा झाशीच्या घरात भांडतात त्या दोन बहिणी आहेत.

या दोन बहिणींत सहज वावरलेल्या एका मराठी गणितज्ञाचे उदाहरण येथे आठवते. बापूदेव शास्त्री हे महाराष्ट्रीय घराण्यातले. त्यांचे पहिले अंकगणित नागपूरच्या मराठी शाळेत झाले. लीलावती आणि बीजगणित त्यांनी पंडिताजवळ बसून केले. लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या ते दृष्टीस पडले आणि त्याने त्यांना भोपाळजवळच्या सीहोर येथील संस्कृत पाठशाळेत नेले. १८४२ मध्ये ते काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले आणि १८९० मध्ये निधन होईपर्यंत काशीचेच राहिले. सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर त्यांच्या नावावर आहे. परंतु येथे महत्त्वाचे हे की, उत्तरेतील विद्यार्थ्यांसाठी त्यांनी हिंदीत अंकगणित आणि बीजगणित लिहिले. सुधाकर द्विवेदी यांनी पुढे १८८६ मध्ये ‘चलन-कलन’ लिहून कलनशास्त्रही हिंदीत आणले. मराठी शाळेत मोजायला शिकलेल्या माणसाने हिंदी मुलांसाठी गणिताचे पुस्तक लिहावे, आणि दोनशे वर्षांच्या आत मराठी मुलांच्या आयांना हिंदी गणिताचे पुस्तक दुर्बोध वाटावे, हा काळाचा खेळ म्हटला पाहिजे.

आता व्यवहाराकडे वळावे. पहिला प्रश्न असा की, पाठ्यपुस्तक कोणत्या भाषेचे? याचे उत्तर शाळेनेच दिलेले असते आणि ते बदलण्याचा अट्टाहास करू नये. ज्या भाषेत प्रश्नपत्रिका येणार त्या भाषेतले पुस्तक मुलापुढे मुख्य असले पाहिजे. फक्त ते या वर्षीचे आहे ना, एवढे पाहावे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेची प्राथमिक वर्गांची ‘गणित का जादू’ ही मालिका २००६ पासून पुष्कळ वर्षे चालली. २०२३ पासून तिच्या जागी नवी पुस्तके येऊ लागली. तिसरीचे ‘गणित मेला’ आणि सहावीचे ‘गणित प्रकाश’ ही २०२४ सालची. थोरल्या भावाचे पुस्तक धाकट्या बहिणीला द्यावे ही जुनी आणि चांगली रीत, पण या काही वर्षांपुरती ती अडचणीची ठरते, कारण प्रकरणांचा क्रमच बदलला आहे. उत्तर प्रदेशच्या माध्यमिक शिक्षा परिषदेनेही २०१८ पासून नववीपुढच्या वर्गांना राष्ट्रीय परिषदेची पुस्तके लावली आहेत.

दुसरे पुस्तक मात्र घराच्या भाषेतले असावे. ते मुलासाठी जितके, तितकेच आईसाठी आणि आजोबांसाठी. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीची, मराठी गणिताची पुस्तके आज संगणकावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. झाशीत बसून पुण्याचे पुस्तक मिळवण्यासाठी कोणाला चिठ्ठी पाठवण्याची गरज उरलेली नाही. मुलाच्या हिंदी पुस्तकात भिन्नांचे प्रकरण चालू असेल तेव्हा आईने अपूर्णांकांचे मराठी प्रकरण आदल्या रात्री वाचून ठेवावे. तिची विद्या तिला परत मिळते, आणि दुसऱ्या दिवशी ती मुलाशेजारी बसू शकते. या एका गोष्टीने जे साधते ते बाजारातल्या चार अभ्यासपुस्तिकांनी साधत नाही.

यात एक सावधगिरी हवी. बालभारतीच्या प्राथमिक पुस्तकांत देवनागरी अंक असतात, तर राष्ट्रीय परिषदेच्या हिंदी पुस्तकांत आंतरराष्ट्रीय अंक. देवनागरी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि देवनागरी चार इंग्रजी आठसारखा. पहिली-दुसरीच्या मुलापुढे दोन्ही पुस्तके एकदम उघडून ठेवली तर गोंधळ ठरलेला. म्हणून सुरुवातीच्या दोन वर्षांत मराठी पुस्तक मोठ्यांनी आपल्यापाशी ठेवावे. मुलाला त्यातले तोंडी सांगावे.

संख्यांच्या नावांचेही असेच आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसऐवजी वीस एक, बावीसऐवजी वीस दोन असे वाचन सुचवले गेले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उडाला. विनोद झाले, विधिमंडळात प्रश्न झाले. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते : बोलताना एकक आधी आणि लिहिताना दशक आधी, ही उलटापालट लहान मुलांना जड जाते. त्यावरचा उपाय कोणाला पटो न पटो, निदान खरे होते. झाशीच्या मराठी मुलाला ही उलटापालट दोनदा पार करावी लागते. त्याला शाळेत उनासी आणि नवासी ऐकून एकोणऐंशी कोणते आणि एकोणनव्वद कोणते हे ठरवायचे असते. हिंदीत एकोणनव्वदला नवासी म्हणतात. मराठी कान तो शब्द ऐकून नव्वदीपलीकडे धाव घेतो. तेव्हा पहिली-दुसरीची अभ्यासपुस्तिका निवडताना एक ते शंभर ओळीने लिहिण्याची पाने किती आहेत ते मोजू नये. ओळीने लिहिणारे मूल बहुधा फक्त मागचा अंक बघून पुढचा लिहीत असते. अक्षरात दिलेली संख्या अंकात, अंकातली अक्षरात, आणि तीही विस्कळीत क्रमाने, अशी पाने असतील तर पुस्तिका कामाची.

उजळणीच्या अंकलिपीबद्दल दोन शब्द. जुन्या मराठी घरांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी मुलांकडून पाठ करून घेत. हिंदीतही सवैया, डेढ़ा, हूँठा अशी हीच मंडळी होती. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, रुपयाचे सोळा आणे गेले, पाठोपाठ मण-शेरही गेले आणि या पाढ्यांची रोजची गरज संपली. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. औटकी पाठ असणे हा काही पुरुषार्थ नव्हे. पण पावकी, निमकी आणि पाऊणकी एवढ्या तिघींना घरात जागा द्यावी. अठ्ठावीस पाऊणे एकवीस हे ज्याच्या जिभेवर आहे, त्याला पुढे अठ्ठावीसचे पंचाहत्तर टक्के काढताना कागद लागत नाही. आजीपाशी फाटकी अंकलिपी असेल तर ती गणिताच्या पुस्तकांत धरावी. तिच्यावर विसंबून मात्र राहू नये. पाढा येणे आणि कोठे गुणायचे हे कळणे या निराळ्या गोष्टी आहेत.

आता अभ्यासपुस्तिका. बाजारात खरा गोंधळ येथे आहे आणि पालकांचे पैसेही येथेच जातात. अभ्यासपुस्तिका घेण्याआधी मुलाची शाळेची वही बघावी. औषध घेण्याआधी नाडी बघतात, तसे. वहीत चुका असतील आणि त्या चुकांना स्वभाव असेल. एखादे मूल ५०३ वजा १७८ याचे उत्तर ४७५ लिहिते. हा निष्काळजीपणा नव्हे. ते प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते, वर कोण आणि खाली कोण हे पाहत नाही. दुसरे मूल १८३६ भागिले ६ याचे उत्तर ३६ लिहिते, कारण मधल्या तीनला सहाने भाग जात नाही तेव्हा तेथे शून्य मांडायचे असते हे त्याला उमगलेले नाही. तिसरे मूल ०.३५ ही संख्या ०.४ हून मोठी समजते, कारण पस्तीस चारहून मोठे. या तिघांना एकच पुस्तिका देणे म्हणजे ताप, खोकला आणि मोडलेल्या हाडावर एकच काढा देणे होय.

दुकानात उभ्याउभ्या पुस्तिका पारखता येते. वजाबाकीचे पान उघडावे आणि वरच्या संख्येत मध्ये शून्य असलेली उदाहरणे शोधावी. भागाकाराचे पान उघडावे आणि उत्तरात मध्ये शून्य येणारी उदाहरणे शोधावी. दशांशांच्या पानावर अंकांची संख्या कमीजास्त असलेल्या संख्यांची तुलना आहे का पाहावे. ही उदाहरणे नसतील तर लेखकाने मुले पाहिलेली नाहीत, नुसती पाने भरली आहेत असे समजावे. शेवटची उत्तरेही दोन-तीन ठिकाणी ताडून पाहावी. चुकीचे उत्तर छापलेल्या पुस्तिका बाजारात दुर्मीळ नाहीत, आणि स्वतःचे बरोबर उत्तर खोडून छापील चूक लिहिणारे मूल पाहण्याइतकी खेदाची गोष्ट दुसरी नाही.

दुसरी पारख उदाहरणांच्या मांडणीची. बहुतेक पुस्तिकांत गुणाकाराच्या धड्यामागे तीस गुणाकार आणि भागाकाराच्या धड्यामागे तीस भागाकार असतात. मुलाला ती भराभर येतात आणि घरात समाधान पसरते. परंतु धड्याच्या नावावरूनच काय करायचे ते कळलेले असते. परीक्षेत ते नाव पुसलेले असते. फ्लोरिडातील डग रोहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा एक मोठा प्रयोग केला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सातवीच्या ५४ वर्गांपैकी काहींना एका प्रकारची उदाहरणे सलग दिली, काहींना निरनिराळ्या प्रकारची उदाहरणे मिसळून दिली. महिन्याभरानंतर पूर्वसूचना न देता घेतलेल्या परीक्षेत मिसळून सराव केलेल्यांना सरासरी ६१ टक्के आणि सलग सराव केलेल्यांना ३८ टक्के गुण मिळाले. म्हणून पुस्तिकेत मिश्र उदाहरणांची पाने किती, हे पाहावे. नसतील तर तीही गोष्ट घरी करता येते : शाळेच्या पुस्तकातील मागील चार प्रकरणांतून रोज एकेक उदाहरण वेचून वहीत लिहून द्यावे. शाब्दिक उदाहरणांच्या बाबतीत, म्हणजे हिंदीतल्या इबारती सवालांच्या बाबतीत, याची विशेष गरज असते. उत्तर काढण्याआधी, येथे काय करायचे आणि का, हे मुलाने मराठीत सांगावे आणि मग हिंदीत मांडावे. शब्द कळला की नाही आणि गणित कळले की नाही, हे दोन प्रश्न अशा वेळी वेगळे होतात, आणि दोष कोठे आहे ते दिसते.

चांगल्या सरावाचे आणखी एक लक्षण असे की, चूक झाली तर ती मुलाला स्वतःलाच सापडावी. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश लिहिणाऱ्या मुलाला फुली मारून काही साधत नाही. अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा मिळवला आणि अर्ध्याहून कमी भाकरी उरली का, एवढे विचारले की ते स्वतःच खोडरबर शोधते. असे प्रश्न पुस्तकात छापलेले असतील तर ते पुस्तक घ्यावे, मग त्यातली चित्रे साधी का असेनात.

या प्रकारचा सराव विकत घ्यावाच लागतो असेही नाही. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली जगापुढे ठेवलेला एक खेळ वजाबाकीच्या कोणत्याही पुस्तिकेला मागे टाकील. चार अंकी एक संख्या घ्यावी, तिचे सर्व अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने लहान करावी आणि वजाबाकी करावी. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य लिहून चार अंक करावे आणि पुन्हा तेच करावे. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. त्यापुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ च येते. कोणत्याही संख्येपासून निघावे, सात पायऱ्यांच्या आत हेच घर. मात्र मध्ये चूक झाली तरी गाडी बहुधा ६१७४ लाच पोचते, म्हणून शेवटच्या उत्तरावर समाधान मानू नये. प्रत्येक वजाबाकीच्या उत्तरातील अंकांची बेरीज करावी. तिला नऊने भाग गेलाच पाहिजे. हातचा विसरून ५४३२ मधून २३४५ वजा केल्यास ३११३ येते, अंकांची बेरीज आठ होते, आणि कोणी काही न बोलता चोर सापडतो.

वाचनासाठी म्हणून घरात एखादे गणिताचे पुस्तक असावे, ज्यात सोडवण्याची सक्ती नाही. मंगला नारळीकरांचे ‘गणितगप्पा’ आणि ‘गणिताच्या सोप्या वाटा’ ही त्या जातीची पुस्तके आहेत आणि मराठी वाचणाऱ्या आईला ती मुलाइतकीच उपयोगी पडतील. कुंजीबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. ती घरात असली तर मोठ्यांच्या कपाटात असावी.

राहिली ती एक साधी वही, आणि ती कोणत्याही दुकानात मिळत नाही, ती घरीच करावी लागते. पानावर उभी रेघ मारून डावीकडे हिंदी शब्द आणि उजवीकडे मराठी शब्द लिहावा : हासिल, हातचा, हर, छेद, परिमाप, परिमिती, समकोण, काटकोन. शेजारी एकेक छोटे उदाहरण किंवा आकृती काढावी, कारण नुसत्या शब्दापुढे शब्द लिहून अर्थ उतरत नाही. ही वही मुलाने हिंदीकडून आणि आजीने मराठीकडून भरावी. पहिली नोंद ‘वर्ग’ या शब्दाची करावी, आणि तिच्यासमोर उजवीकडे दोन ओळी सोडाव्यात.